‘दुखते’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. डॉक्टरांनी ‘काय त्रास होतो?’ असे विचारल्यावर ‘पाय दुखतात, कडक होतात’ यापुढे तुला काही सुचले नाही आणि परतीच्या रिक्षात बसल्यावर मात्र एकेक गोष्ट आठवू लागली, हे वाचून मला माझी पहिली तीन वर्षे आठवली. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आपल्या दोघींच्या आजाराचे निदान होऊन मला आता एकोणीस वर्षे झाली. सुरुवातीच्या त्या काळात मी प्रत्येक भेटीत ‘दुखते’ एवढेच सांगत राहिले आणि साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिले. त्यांनी पोटात जळजळ तेवढी झाली, पायांना आराम पडला नाही.

मी त्या वेळी न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदाराने स्वतः काय पाहिले, काय ऐकले ते सांगायचे आणि त्यावरून निष्कर्ष काढण्याचे काम न्यायाधीशांवर सोडायचे, हा नियम मी रोज ऐकत होते. डॉक्टरांपुढे मात्र मी नेमके उलटे करीत असे. ‘दुखते’ हा आपण काढलेला निष्कर्ष असतो. पायाला नेमके काय होते, ते केव्हा होते आणि त्यामुळे कोणते काम अडते, ही खरी साक्ष, आणि उपचार ठरवणाऱ्या माणसाला तीच हवी असते.

याचे कारण या आजाराच्या स्वरूपातच आहे. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर असलेल्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, आणि त्यामुळे वरून खाली जाणारे निरोप अडखळतात. स्नायूला आखडण्याचा निरोप जसा लागतो तसा सैल पडण्याचाही लागतो. सैल करणारी ही व्यवस्था दुबळी झाली की स्नायू ताणलेलाच राहतो आणि कोणी तो झटकन हलवू गेले तर आणखी ताठ होतो. याला डॉक्टर स्पॅस्टिसिटी म्हणतात. दुसरीकडे, संवेदना वाहून नेणारा तंतूच बिघडला तर स्नायूला काहीही झालेले नसताना त्वचेची आग होते, विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. शिवाय पाय ओढत चालल्यामुळे कंबर आणि गुडघे भरून येतात ते निराळेच. पहिल्यासाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन यांसारखी औषधे दिली जातात, दुसऱ्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन, आणि तिसऱ्यासाठी बहुधा चालण्याची पद्धत, काठी आणि व्यायाम यांकडे पाहावे लागते. या तिन्हींना तू एकच शब्द वापरलास तर समोरचा माणूस कितीही हुशार असला तरी त्याला अंदाजाने औषध द्यावे लागते.

म्हणून माझे तुला पहिले सांगणे असे, की दवाखान्यात इंग्रजी शब्दांची घाई करू नकोस. आपल्या आजीच्या तोंडी दुखण्याचे जितके शब्द होते तितके कोणत्याही छापील फॉर्मवर नसतात. पोटरीत वांब येतो किंवा गोळा येतो, तो काही सेकंद किंवा काही मिनिटे टिकतो आणि मग सुटतो; त्याच्याशी दिवसभर राहणाऱ्या ताठरपणाची गल्लत करू नये. पाय अवघडतो तो एका जागी बसल्याने, आणि चार पावले टाकली की मोकळा होतो. रग लागते ती श्रमाने. ठणका एका ठिकाणी लागतो, कळ एकदम येते आणि ओसरते, सणक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते, भगभग पसरते, मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, आणि बधिर झालेल्या जागी यांपैकी काहीच कळत नाही. मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांना ‘पोटरीत रात्री वांब येतो आणि तळव्याची भगभग होते’ हे एक वाक्य पुरे असते, कारण त्यात दोन वेगळे त्रास दोन वेगळ्या जागी आहेत हे लगेच उमगते. मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरांकडे जाणार असलीस तर तेच वाक्य घरी शांतपणे भाषांतरित करून ने.

दोन-तीन संवेदना अशा आहेत की त्या सांगायला माणूस बिचकतो, कारण ऐकणाऱ्याला त्या मनाचे खेळ वाटतील अशी भीती असते. मान खाली वाकवली की पाठीच्या कण्यातून वीज सरकते. याला लेर्मिट या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखतात आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांना ते पुरेपूर परिचयाचे असते. छातीभोवती किंवा बरगड्यांभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखे होते. तेही या आजारात होते, मात्र छातीतले दुखणे प्रथमच उद्भवले असेल तर ‘एमएसचेच असणार’ असे गृहीत न धरता आधी हृदय तपासून घ्यावे. दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच गालात क्षणभर जीवघेणी कळ येत असेल तर दंतवैद्याकडे दात काढायला जाण्याआधी हे तुझ्या न्यूरॉलॉजिस्टना सांग.

आता ताठरपणाविषयी. तो सांगताना ‘खूप’, ‘फार’, ‘सहन होत नाही’ असे शब्द उपयोगी पडत नाहीत. प्रसंग उपयोगी पडतो. मी माझ्या वहीत एकदा असे लिहिले होते: ‘सकाळी पलंगाच्या कडेला बसले की दोन्ही पाय आपोआप पुढे ताणले जातात, टाचा फरशीला लागत नाहीत, डावी चप्पल गळून पडते. उजवा गुडघा दोन-तीन मिनिटांनी वाकतो, डावा त्यानंतर. तोवर उठता येत नाही, आणि लघवीची घाई असेल तर कपडे ओले होतात.’ हे वाचल्यावर डॉक्टरांनी वही स्वतःच्या हातात घेतली आणि रात्रीच्या गोळीची वेळ बदलली. त्याआधीच्या सगळ्या भेटींत मी ‘सकाळी कडकपणा असतो’ असेच सांगत आले होते.

तू लिहितेस की स्कूटरवर मागे बसल्यावर चवडा फूटरेस्टवर टेकला की टाच शिलाई मशीनच्या पायडलसारखी थडथड हलू लागते आणि थांबवता येत नाही. याला क्लोनस म्हणतात. ते असेच सांग, पायडलसकट.

एक गोष्ट मात्र कोणीही आपण होऊन विचारत नाही, म्हणून ती तू स्वतः सांगितली पाहिजेस: हा ताठरपणा तुझ्या काही उपयोगाचाही आहे का? दुबळ्या पायाला कधीकधी हा कडकपणाच उभे ठेवतो. मी एकदा नुसतेच ‘कडकपणा कमी करा’ म्हटले, गोळीचे प्रमाण वाढले, कडकपणा खरोखर कमी झाला आणि चौथ्या दिवशी ओट्याजवळ दूध तापवताना माझे गुडघे मेणासारखे वाकले. दूध अंगावर सांडले नाही हे नशीब. ‘रात्री सैल हवे, पण दुपारी स्वयंपाकघरात उभे राहण्यापुरता ताठपणा राहू द्या’ असे मी सांगितले असते तर गोळ्यांची विभागणी तशी करता आली असती, आणि पुढे ती तशीच झाली. त्या प्रसंगाने घाबरून मी गोळी आपल्या मनाने बंद करणार होते. सुदैवाने आधी फोन केला. बॅक्लोफेन एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, म्हणून ते नेहमी हळूहळू आणि विचारूनच कमी करायचे असते.

तपासणीच्या वेळी डॉक्टर पाय हातात घेऊन वाकवतात आणि किती विरोध होतो यावरून शून्य ते चार असे गुण देतात. ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी १९६४ मध्ये एमएसच्याच रुग्णांवर एका औषधाची चाचणी घेताना ही पद्धत वापरली होती. ती उपयुक्त आहे, पण त्या क्षणाचेच चित्र दाखवते. तू दोन तास बाकावर बसून आलेली असतेस, खोलीत एसी असतो किंवा बाहेर मे महिन्याचे ऊन असते, आणि दुपारची गोळी घेऊन तासच झालेला असतो. म्हणून तपासणीपूर्वीच सांग की शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि आत्ताचा पाय तुझ्या नेहमीच्या सकाळच्या पायापेक्षा सैल आहे की ताठ. पहाटेचा पेटका दवाखान्यात कधीच येत नाही. त्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण भावाला मोबाइलवर करू दे.

ताठरपणा एकाएकी वाढला तर त्यामागे काहीतरी टोचणारे कारण शोधावे लागते. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, ताप, मांसात रुतलेले नख, घट्ट बूट, पाळीचे दिवस, यांपैकी काहीही पायांना आखडायला लावू शकते, आणि जिथे बधिरपणा असतो तिथे वेदना कळत नसल्याने पेटका हीच एकमेव सूचना ठरते. त्यामुळे लघवी आणि शौच यांविषयी बोलताना संकोच करू नकोस. मांड्या एकमेकींना चिकटून राहतात म्हणून अंघोळीच्या वेळी स्वच्छता करता येत नाही किंवा पुढे लग्नानंतर जवळीक अवघड जाते, हेही याच आजाराच्या कक्षेतले बोलणे आहे. नवे लक्षण उद्भवून ते ताप किंवा संसर्ग नसताना चोवीस तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळव.

आईला बरोबर ने, पण आधी ठरवून ने. आपल्याकडे प्रश्न रुग्णाला विचारला जातो आणि उत्तर नातेवाईक देतात, तेही प्रेमापोटी, आणि बहुतेक वेळा ‘तशी बरी आहे’ असे. रात्री तू झोपेत कशी आखडतेस ते आईने सांगावे, कारण ते तिने पाहिलेले आहे. आग कुठे होते ते तूच सांगावेस.

डॉक्टरांकडे न्यायचा कागद एकच ठेव, दोन्ही बाजूंनी लिहिलेला नको. सर्वांत वर ते काम लिही, जे महिन्याभरापूर्वी जमत होते आणि आता जमत नाही. पहिले वाक्य लिहून झाले की मला फोनवर वाचून दाखव. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.

तुझी,
मावशी