जुन्या लंडनच्या व्यंगचित्रांत विक्षिप्त नट एवढे का दिसतात?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या छापील व्यंगचित्रांत मंत्र्यांच्या जोडीने विक्षिप्त नटही का दिसतात, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते, ते चटकन ओळखू येत म्हणून. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि हाताने रंगवलेली ही चित्रं दुकानाच्या काचेत टांगलेली असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला एका नजरेत माणूस कळायला हवा.

रॉबर्ट कोट्स या हौशी नटाचं उदाहरण घ्या. जन्म १७७२चा, कॅरिबियन बेटांतल्या अँटिग्वाचा. वडील ऊसमळ्याचे मालक. त्यांच्यामागे मिळालेले पैसे आणि हिरे घेऊन हा इंग्लंडात राहिला आणि ९ फेब्रुवारी १८१० रोजी इंग्लंडातल्याच बाथ शहराच्या रंगमंचावर रोमिओ म्हणून उभा राहिला. आकाशी रंगाचा टिकल्यांचा झगा, तंग लाल विजार, पिसांची टोपी. मरणाच्या प्रवेशात म्हणे त्याने आधी रुमालाने जागा झटकली, टोपी उशाला घेतली, मग प्राण सोडला. प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला तर उठून पुन्हा मेला! त्या काळच्या आठवणींत हे किस्से येतात. मला त्यात त्याचं वेडं, पण खरं नाट्यप्रेम दिसतं.

रस्त्यावरही तो लपत नसे. शिंपल्याच्या आकाराची बग्गी, दोन पांढरे घोडे, वर कोंबड्याचं चिन्ह आणि ‘जिवंत आहे तोवर आरवणार’ हे ब्रीद. म्हणजे व्यंगचित्रकाराचं निम्मं काम त्यानेच करून ठेवलं होतं. कोंबडा, हिरे, पिसं रेखाटली की झाला कोट्स. चार्ल्स मॅथ्यूज या नटाने तर रंगमंचावरच त्याची नक्कल केली.

एक गोष्ट मात्र मला सलते. हसू सगळं कोंबड्यावर आणि हिऱ्यांवर. ते हिरे ज्या साखरेच्या पैशातून आले, ती पिकवणारे अँटिग्वातले गुलाम त्या विनोदात कुठेच नाहीत.

अशी चित्रं पाहायची असतील तर ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर नटाच्या नावाने शोधा. चित्राच्या तळाची बारीक ओळ नक्की वाचा. १७३५च्या कायद्याने छापलेल्या चित्रांना संरक्षण मिळालं, पण पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव कोरण्याच्या अटीवर. त्यामुळे चित्र कोणत्या प्रयोगानंतर बाजारात आलं, हे बऱ्याचदा थेट दिवसासकट कळतं.