वाचकांचे प्रश्न : डायनॅमो नवा, तरी बॅटरी उतरते

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल जीपमधून मी बाजाराच्या दिवशी प्रवासी आणि हंगामात कापूस वाहतो. रात्रीच्या फेऱ्यांसाठी १०० वॉटचे दोन हॅलोजन लावले, त्यासाठी ६५ अँपिअरऐवजी ९० अँपिअरचा डायनॅमो बसवला आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचे सगळे जुने बल्ब काढून एलईडी घातले. तेव्हापासून सकाळी गाडी सुरू झाल्यावर चार्जिंग होत नाही. एकदा जोरात रेस दिली की ते चालू होते. हॅलोजनही मंद जळतात. मेकॅनिक डायनॅमो पुन्हा बदलायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : डायनॅमो बदलू नका. एकदा रेस दिल्यावर तो नीट चार्जिंग करतो, याचा अर्थ तो बहुधा चांगला आहे. माझा संशय डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या चिन्हामागील छोट्या बल्बवर आहे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो बल्ब केवळ इशारा देत नाही. चाबी फिरवल्यावर त्याच्यातून जाणारा विद्युतप्रवाहच डायनॅमोच्या फिरत्या भागात सुरुवातीचे चुंबकत्व निर्माण करतो. दोन-तीन वॉटच्या साध्या बल्बमधून जेवढा प्रवाह जातो, त्याचा लहानसा अंशच एलईडीतून जातो, म्हणून इंजिन स्लोवर असताना डायनॅमो जागा होत नाही. तेवढ्या एका जागी जुना बल्ब परत लावून पाहा. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडून घ्यावा. नव्या गाड्यांत डायनॅमोचे नियंत्रण संगणकाकडे असते, त्यांना हा उपाय लागू नाही.

हॅलोजन मंद जळण्याचे कारण मात्र वेगळे असावे. दोन हॅलोजन मिळून साधारण १६ अँपिअर ओढतात, म्हणजे ९० अँपिअरच्या डायनॅमोला ते जड नाहीत. पण डायनॅमो मोठा केला आणि त्याची जाड वायर व अर्थिंग (इंजिन आणि बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा जोड) जुनेच राहिले, असे आपल्याकडे फार वेळा घडते. गंजलेल्या जोडात ०.०२ ओहम एवढाच अडथळा असला, तरी ६० अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि डायनॅमोवर १४.२ व्होल्ट असताना बॅटरीला १३ मिळतात. इंजिनाला थोडी रेस देऊन, हॅलोजन आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार डायनॅमोच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरा, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास वायर किंवा तिचे जोड खराब आहेत. मग डायनॅमोचे अंग आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांमध्ये मोजा, इथे ०.२ च्या वर गेल्यास अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग व गंज घासून काढा. हॅलोजनला रिले (स्विचमधल्या थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे छोटे उपकरण) नसेल आणि सगळा प्रवाह स्विचमधून जात असेल, तर रिलेही बसवून घ्या. डायनॅमो फिरवणारा पट्टा सैल आहे का, तेही पाहा.

बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसणे योग्य; आपल्या मे महिन्यातल्या दुपारी आकडा किंचित खाली राहिला तरी घाबरू नये, कारण डायनॅमोचे व्होल्टेज सांभाळणारे अनेक रेग्युलेटर तापमान वाढल्यावर स्वतःच व्होल्टेज कमी करतात. एक कळकळीची विनंती : चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची पद्धत गावोगावी आहे, ती कोणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि डायनॅमोतील डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. मग खरोखरच नवा डायनॅमो घ्यावा लागेल.

प्रश्न : गाण्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यापासून कार चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. चालवल्यावर चार्जिंग बरोबर दिसते.
– एक वाचक, ता. सिरोंचा, जि. गडचिरोली

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर बंद होत नसावा. त्याला चालू करणारी बारीक तार चाबीवर न जोडता थेट बॅटरीच्या सप्लायवर जोडली गेली, की तो रात्रंदिवस जागा राहतो. अर्धा अँपिअर जरी गेला, तरी चार दिवसांत ४८ अँपिअर-तास संपतात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ रिकामी होते. इंजिन आणि चाबी बंद ठेवून निगेटिव्ह केबल काढा, केबल व टर्मिनल यांमध्ये मीटर १० अँपिअरवर लावा आणि काही मिनिटे थांबा. तोवर चाबी मुळीच फिरवू नका. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसले तर अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढा. आकडा लगेच खाली आला, तर ती बारीक तार चाबीनंतरच्या सप्लायवर जोडून घ्या.