गोळी घे, पण गुपचूप नको

प्रिय मित्रा,

ताठरतेच्या तक्रारीवर डॉक्टरांनी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) ५० मिलिग्रॅम लिहून दिलं आणि चिठ्ठी अजून खिशातच आहे, असं कळवलंस. संकोच समजू शकतो. पण या औषधाच्या बाबतीत संकोचच अंगाशी येतो.

समज, गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखू लागलं. इस्पितळात जिभेखाली नायट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी, गोळी ठेवायला सांगतील. सोबतच्या माणसांसमोर कसं बोलायचं म्हणून तू गप्प बसलास, तर दोन्ही औषधं मिळून रक्तदाब इतका उतरवतात की जिवावर बेतावं. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि त्याच कामाच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. म्हणून आल्या आल्या, विचारायची वाट न बघता, कोणती गोळी किती वाजता घेतली ते सांगून टाकायचं. जोडीदारालाही हे ठाऊक हवं. तुला बोलता येईलच असं नाही. नशेसाठी हुंगायचे ‘पॉपर्स’ही नायट्रेटच्याच जातीचे, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. गंमत म्हणजे हे औषध मुळात छातीतल्या दुखण्यासाठीच तपासलं जात होतं. १९९८ मध्ये मंजुरी मिळाली ती मात्र ताठरतेच्या तक्रारीसाठी.

गोळी साधारण तासभर आधी घे. तुपातेलाचं भरपेट जेवण झालं असेल तर असर उशिरा होतो, आणि मनात इच्छाच नसेल तर गोळी काही करत नाही. पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून लगेच दुसरी घेऊ नकोस. २४ तासांत एकच. मात्रा वाढवायची की नाही ते डॉक्टर बघतील. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे बहुधा आपसूक ओसरतं. ताठरता चार तासांवर टिकली किंवा अचानक दिसेनासं झालं, तर मात्र तडक इस्पितळ गाठ.

‘शुद्ध वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांत हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडलं आहे, तेही किती कुणास ठाऊक. मित्राच्या पाकिटातली गोळीही नको. बुरशीवरचं केटोकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, प्रोस्टेटच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना दाखव.

आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घे. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, त्यामुळे बिघाड कधी कधी आधी तिथे दिसतो. तुझ्या वयात कारण बऱ्याचदा ताण किंवा धास्ती असतं, पण ते तपासणीनंतर ठरवू. रिपोर्ट आले की कळव.

तुझा,
काका