ढिगारा नाल्यापासून किती लांब?

वणी-चंद्रपूर भागातल्या कोळसा खदानींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर गेल्या महिन्यात या सदरात लिहिलं होतं. पावसाळ्यात ती माती नाल्यात उतरते आणि पाणी बिघडवते, असा त्याचा आशय होता. पुण्याच्या वाचकांना हा विषय लांबचा वाटेल, अशी मला धास्ती होती. पण पत्रं भरपूर आली, आणि तसा तो लांबचा नाहीच. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची वीजवाहिनी १९९९ पासून राज्याच्या पश्चिम भागाकडे वीज आणते आहे. त्या विजेमागचा कोळसा काढताना निघालेली माती मात्र तिकडेच राहते.

प्रश्न : माझं शेत वणीजवळ. शेताला लागून नाला आणि पलीकडे खदानीचा ढिगारा. कंपनीची माणसं म्हणतात, ‘ही नुसती माती आहे, विष नाही.’ मग नाला का बिघडतो? (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

सर, ‘नुसती माती’ हे शब्द मी इतक्या ठिकाणी ऐकलेत की आता ते सहन होत नाहीत. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरची माती, वाळूखडक, शेल असं सगळं फोडून बाजूला टाकावं लागतं. खदानीवर त्याला ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दाबून राहिलेला हा खडक भुगा होऊन वर येतो आणि त्याला पहिल्यांदाच हवा आणि पाणी लागतं.

पहिलं नुकसान डोळ्यांना दिसतं. जोराचा पाऊस झाला की ढिगाऱ्याचा उतार धुपतो, गाळ नाल्यात बसतो, नाल्याचा तळ वर येतो. मग पूर्वी ज्या पावसाला काही होत नव्हतं, त्याच पावसात पाणी काठ सोडून शेतात शिरतं. तुमच्या शेतात हेच होत असणार.

दुसरं नुकसान दिसत नाही. कोळशाजवळच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. हवा-पाण्याशी त्याचा संयोग झाला की गंधकाम्ल तयार होतं आणि ते खडकातले धातू विरघळवतं. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत यापायी नद्यांतले मासे संपले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली तिथलं ‘रॅट होल’, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांतलं खाणकाम थांबवलं, त्यामागे हेही कारण होतं. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक तुलनेने कमी, म्हणून आपल्याकडे पाणी तितकं आम्लधर्मी होत नाही. पण सल्फेट, म्हणजे गंधकाचे क्षार, आणि पाण्याचा जडपणा वाढतो.

उपाय कागदावर आहेत. पर्यावरण मंजुरीत साधारणपणे अटी असतात त्या अशा : ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांहून जास्त नको, पायथ्याशी भिंत हवी, भोवती गटार हवं, गटाराचं पाणी गाळ बसेपर्यंत टाकीत थांबायला हवं, आणि गटार-टाकीची क्षमता अचानक येणाऱ्या सर्वांत मोठ्या पावसाच्या दीडपट हवी. मी पाहिलेल्या बहुतेक ढिगाऱ्यांभोवती गटार होतंही, पण ते गाळाने काठोकाठ भरलेलं. मे महिन्यात ते उपसलं नाही तर जूनमध्ये असून नसल्यासारखं. तुम्ही मे अखेरीस गावी जाल तेव्हा आधी गटार बघा.

प्रश्न : अमेरिकेत खाणकचरा आणि ओढा यांत अंतर राखायचा नियम आहे असं वाचलं. आपल्याकडे का नाही? (स्थापत्य शाखेचा विद्यार्थी, शिवाजीनगर)

तिथेही तो सुखासुखी आला नाही. वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक नावाच्या ओढ्यावर खाणकचऱ्याचाच बांध घालून कोळसा धुतलेलं पाणी अडवलं होतं. २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी तो फुटला. सुमारे ५० कोटी लिटर काळं पाणी खालच्या वस्त्यांवरून गेलं, १२५ माणसं मेली. चारच दिवस आधी सरकारी निरीक्षकाने बांध ‘समाधानकारक’ ठरवला होता. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या आठवणी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९७७ साली अमेरिकेने उघड्या खाणींसाठी स्वतंत्र कायदा केला. १९८३ च्या नियमाने ओढ्यापासून १०० फुटांच्या आत खाणकामाला मनाई केली, पण सूट देण्याची मुभाही ठेवली. त्या मुभेच्या आधाराने ॲपलेशिया या डोंगराळ कोळसापट्ट्यात डोंगरमाथे उडवून दऱ्या भरल्या गेल्या आणि त्या दऱ्यांतले ओढे गाडले गेले. २०१६ च्या डिसेंबरात आलेला कडक नियम पुढच्या फेब्रुवारीत संसदेने रद्द केला, आणि तसाच नियम पुन्हा आणायचा तर आता नवा कायदाच करावा लागेल.

आपल्याकडे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ प्रदूषक पदार्थ प्रवाहात सोडायला मनाई करतं. प्रदूषण वाढेल अशा रीतीने प्रवाह अडवणाऱ्या वस्तूंनाही ते लागू आहे. मात्र ढिगारा नेमका किती लांब हवा, हे बहुधा त्या-त्या खाणीच्या मंजुरीतच ठरतं. पाणी बाहेर पडतं तिथे त्याची तपासणी होते : तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, सामू (पीएच) ५.५ ते ९. हे हवंच. पण ढिगारा चुकीच्या जागी एकदा उभा राहिला की तो कोणी हलवत नाही. म्हणून जागेचा निर्णय आधी व्हावा, आणि अंतर काठापासून नव्हे, पूररेषेपासून मोजावं. मुठेच्या निळ्या पूररेषेच्या आत राडारोडा टाकला की काय होतं, हे पुणेकर दर पावसाळ्यात बघतातच.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या भिंती राखेच्या विटांच्या आहेत. हाही कोळशाचाच कचरा ना? धोका आहे का? (गृहिणी, हडपसर)

आहे कोळशाचाच, पण खाणीतला नव्हे, वीजकेंद्रातला. सिमेंटने बांधलेल्या विटेत राख घट्ट बसते, काळजी नको. धोका आहे तो उघड्या राखतळ्यांचा. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा राखबंधारा फुटून राख नाल्यात आणि शेतांत गेली. विटांमुळे तळ्यातली राख तेवढी कमी होते.

प्रश्न : पुण्यात राहून चंद्रपूरच्या खाणीविरुद्ध तक्रार करता येते का? (आयटी कर्मचारी, बाणेर)

येते. महाराष्ट्रासाठीचं हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यातच आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. मुदत मात्र चुकवू नका : वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण असेल तर फार तर ६० दिवस आणखी.

त्याआधी त्या खाणीचं मंजुरीपत्र मिळवा. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. त्यात लिहिलेलं गटार जागेवर आहे का, एवढं ताडून पाहिलं तरी निम्मी तक्रार तयार होते. ढिगाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नाल्याचे तारखेसह फोटो काढा. तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी प्रदूषण मंडळाला हलवायला उपयोगी पडेल. पण जलप्रदूषण कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन, दोन भाग करून सील केलेला नमुना. म्हणून नमुना घ्या, अशी लेखी मागणी मंडळाकडे करा आणि पोच ठेवा.

प्रश्न : आई भद्रावतीजवळ राहते. विहिरीचं पाणी खारट लागतं. उकळून प्यावं का? (परिचारिका, पिंपरी)

उकळल्याने जंतू मरतात, सल्फेट जात नाही. उलट पाणी आटून ते थोडं जास्तच दाट होतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर ४०० पर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर जुलाब होऊ शकतात, म्हाताऱ्या माणसाला अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका जास्त. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. अहवाल येईपर्यंत आईंना पिण्यापुरतं नळयोजनेचं पाणी भरून ठेवायला सांगा.