नऊवारीचं पुढे काय होतं

चिऊ,

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी वाचली. तुझा प्रश्न असा: इथे अमेरिकेत शेजारच्या आजी गोधडीसाठी दुकानातून नवंकोरं कापड आणतात, त्याचे तुकडे करतात आणि ते परत जोडतात. आपली आजी मात्र विरलेल्या साड्यांची गोधडी शिवते. मराठी लोक नवं कापड का घेत नाहीत? खाली बारीक अक्षरात आणखी दोन प्रश्न आहेत. बाबा फ्ली मार्केटमध्ये दुसऱ्यांची जुनी भांडी उचलतो, मग जुने कपडे दिसले की आई नाक का मुरडते? आणि आजीच्या गोधडीवर मोत्या झोपतो हे तिला कळलं तर ती रागावेल का?

तोंडी सांगितलं तर तू "हं, हं" करून पळशील, म्हणून लिहितोय. अडलेला शब्द आईला विचार.

पहिलं उत्तर ऐकायला फारसं छान नाही. नवं कापड परवडत नव्हतं. तुझ्या पणजीच्या घरी कापसाची रजई एखादीच असायची, तीही पाहुण्यांसाठी. कापूस दबला की पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यायचा, म्हणजे परत खर्च. गोधडीला कापूस लागतच नाही. तिच्यात नुसते कापडाचे थर असतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. थर वाढवले की ऊब वाढते, आणि कापड तर घरात होतंच, फाटलेलं का होईना. मराठी माणसाच्या काटकसरीवर कुणी भाषण दिलं तर ऐकून घे, पण आधी गरज होती आणि कौतुक नंतर आलं, हा क्रम विसरू नकोस.

आता गरज राहिलेली नाही. पुण्याच्या घरी कपाटभर ब्लँकेटं आहेत, तरी उन्हाळा आला की आजी फरशी रिकामी करून बसतेच. तिला ते काम आवडतं, आणि आवडण्यासारखं त्यात बरंच आहे. पहिली मौज हिशोबाची. नऊवारी म्हणजे 9 वार, साधारण सव्वाआठ मीटर. लांबीत तिची चौपदरी घडी घातली की दोन मीटरच्या थोडी वर लांबी उरते, म्हणजे एक माणूस पाय ताणून झोपेल एवढी. रुंदीही एका माणसापुरती. कात्री न लावता एका साडीत चार पदरांचं पांघरूण! त्याला चौघडी म्हणतात. कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. बहुतेक साड्यांचा मधला भाग आधी विरतो आणि काठ मागे टिकून राहतात, म्हणून आजी काठ उसवून ठेवते आणि गोधडीच्या कडेला लावते. तुझ्या गोधडीच्या चार बाजूंना चार वेगळे रंग आहेत ते त्यामुळे. तू मला विचारलं होतंस की आजीला एकसारखी पट्टी मिळाली नाही का. मिळाली असती, पण मग त्यात मोठ्या आत्याच्या लग्नातला हिरवा काठ आला नसता.

शिवणं कसं चालतं ते तू पाहिलंयस, पण तेव्हा तू फार लहान होतीस. खाली अस्तर, त्यावर साड्यांचे आणि आजोबांच्या धोतराचे थर, कोपऱ्यांवर वजनाला डाळीचे डबे. हाताने सुरकुत्या काढायच्या, लांब कच्चे टाके घालायचे, मग खरी सुरुवात. आजी कडेपासून निघते आणि चौकोनात चौकोन करत आत येते. शेजारच्या आजींना विचारून बघ, त्या बहुतेक मधून बाहेर जात असतील. तसं केलं की थरांत राहिलेला फुगा कडेने निघून जातो. शिवाय त्या वरचा थर आधी वेगळा जोडून घेतात. आपल्या चिंध्यांच्या गोधडीत तुकडा ठेवायचा आणि टाका घालत पुढे जायचं. तोच टाका तुकडा बसवतो आणि तोच सगळे थर शिवतो. टाका साधा धावदोऱ्याचा. दोरा किंचित ओढला जातो, त्यामुळे सगळ्या गोधडीवर बारीक लाट उठते. मशीनवर शिवलेल्या गोधड्या बाजारात मिळतात, पण त्यांच्यावर ही लाट नसते. मला त्या आवडत नाहीत. आई म्हणते हा माझा हट्ट आहे, असेल.

मधोमध वितभर जागा उरली की आजी तिथे चिमूटभर तांदूळ टाकते आणि मग ती बंद करते. गोधडी उपाशी राहू नये म्हणे. मी एकदा म्हटलं, उंदीर येतील. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आणि हे काम एकटीने होत नाही. दुपारी जेवणं आटोपली की शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुई घेऊन येतात, एकेक बाजू धरून बसतात, आणि टाक्यांपेक्षा गप्पा जास्त होतात. सुनांची गाऱ्हाणी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं जमलं, सगळं तिथेच. लहानपणी मी सुईत दोरा ओवून द्यायचो, कारण माझे डोळे चांगले होते, आणि त्या बदल्यात बसून ऐकायला मिळायचं. ऐकू नये असंही बरंच ऐकलं.

पण "इथले लोक नवं घेतात, आपण जुनं" अशी वाटणी करू नकोस, ती खरी नाही. याच देशात 1930 च्या दशकात पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांत यायचं. बायका ती पोती धुऊन फ्रॉक आणि गोधड्या शिवायच्या. ते कळल्यावर कंपन्या पोत्यांवर फुलं छापू लागल्या. अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. त्यांतल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांच्या पट्ट्या जोडून पांघरूण शिवलं. 2002 साली जीज बेंडच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. फोटो दाखवीन. गुडघ्यावर फिकटलेली निळी पँट त्यात सरळ ओळखू येते. आजीला ते फोटो पाठवले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या जाड कापडातून सुई कशी घातली त्यांनी?"

आता कपड्यांचं. आपल्याकडे कापड पायरी पायरीने खाली उतरतं. साडी विरली की गोधडी. गोधडीतूनही चांगला, मऊ तुकडा निघाला तर बाळाचं दुपटं, कारण वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताला खळ राहत नाही आणि ते नव्या कातडीला टोचत नाही. बारशापर्यंत बाळाला जुन्या कापडातच ठेवायचं, असं कितीतरी घरांत पाळतात. तुलाही ठेवलं होतं, हॉस्पिटलच्या नर्सला काही कळेना. त्याच्या खाली मग हात पुसायचं फडकं, पायपुसणं आणि सगळ्यात शेवटी सायकल पुसायचं कापड. सुती सगळं असं घरातच जिरतं. टेरिलीन, नायलॉन जिरत नाही, ते बोहारणीला जायचं. बोहारीण डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दारात यायची आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. आजी दोन पँटी आणि एक साडी पुढे करून पातेलं मागायची, ती वाटी दाखवायची. मग अर्धा तास घासाघीस. बोहारीण पाटी उचलून निघाल्यासारखं करायची, आजी दार लोटल्यासारखं करायची. आमच्या घरातला निम्मा स्टीलचा संसार तुझ्या आजोबांच्या जुन्या पँटींवर आलाय.

म्हणजे जुने कपडे आम्ही देत होतो, घेत नव्हतो. इथे तुझ्या आईच्या नाक मुरडण्याचं मूळ आहे. पितळ, तांबं चिंचेने घासलं, चुलीवर चढलं की झालं स्वच्छ, मग ते आधी कुणाचं होतं हे कोण विचारतंय? कपडा मात्र दुसऱ्याच्या अंगाचा. त्यात स्वच्छतेचा भाग थोडा होता आणि दुसरं बरंच होतं. कुणाचे उतरलेले कपडे कुणी घालायचे यात जात आणि पायरी मोजली जायची. धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना आपण जुनी साडी द्यायची, त्यांनी ती घ्यायची, याच्या उलट कधी झालेलं मी पाहिलं नाही. ते चूक होतं. तू थ्रिफ्ट शॉपमधून, म्हणजे जुन्या कपड्यांच्या दुकानातून, जॅकेट आणलंस त्यात मला काही वावगं वाटत नाही. गरम पाण्यात धू आणि घाल. आईशी मी बोलतो.

जुन्या वस्तूंचं वेड मात्र मला पुण्याने लावलं. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेकडे जुना बाजार भरतो. रस्त्यावर गोणपाटं पसरलेली असतात आणि त्यांवर नळाच्या तोट्या, घड्याळाची यंत्रं, कुलपाशिवाय किल्ल्या, किल्लीशिवाय कुलपं. तिथला नियम म्हणजे हवी ती वस्तू सगळ्यात शेवटी उचलायची आणि भाव विचारताना दुसरीकडे बघायचं. इथे फ्ली मार्केटमध्ये भावाची चिठ्ठी लावलेली असते, त्यामुळे माझी अर्धी मजा जाते. तरी परवा त्या खोक्यात कुणी "बागेची कात्री" असं लिहून ठेवलेला पितळी अडकित्ता सापडला, तेव्हा मी दुसरीकडेच बघत होतो, हे तू पाहिलंस. त्याने सुपारी कातरतात.

असले शेकडो अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, दौती एका माणसाने जमवल्या. दिनकर केळकर (1896 ते 1990) हे त्यांचं नाव. सोनं, तलवारींपेक्षा त्यांना घरातल्या वापराच्या वस्तूंची ओढ होती. गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी 20,000 हून अधिक वस्तू गोळा केल्या, लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलं आणि 1975 साली ते सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. पुढच्या खेपेला पुण्याला गेलो की तुला नेतो. तिथे अडकित्त्यांसमोर मी बराच वेळ उभा राहीन, तेव्हा पाण्याची बाटली बरोबर घे.

राहिला मोत्या. आपल्याकडे मांजराला घरभर मोकळीक असते, ते माजघरात, चुलीशेजारी, धान्याच्या पोत्यावर कुठेही लोळतं. कुत्र्याची जागा पूर्वापार ओसरीवर. त्याला भाकरी मिळायची, लाड मिळायचे, पण उंबऱ्याच्या बाहेर. गंमत म्हणजे देवाजवळ त्याला अडवत नाहीत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि जेजुरीच्या खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. आजी तुला नामदेवांची गोष्ट सांगते ना, कुत्रा कोरडी पोळी घेऊन पळाला आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले? तीच आजी आमच्या लहानपणी कुत्र्याचा पाय घरात पडला की फरशी पुसायला लावायची. दोन्ही खरं.

तर ती रागावेल का? मोत्या कोणत्या गोधडीवर झोपतो यावर ते आहे. तुझ्या पलंगावरच्या चार काठांच्या गोधडीवर झोपत असेल तर रागावेल, आणि मीही. ती अजून वरच्या पायरीवर आहे. पण माझी कॉलेजमधली, जिच्यातून आतले थर डोकावतायत, ती त्याला द्यायला तिची हरकत नसावी. केस झटकून महिन्यातून एकदा धुवायची, हे काम तुझं. गावी नवरात्राआधी, घट बसायच्या आत, घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धोपाटण्याने बडवतात. ओली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, एकेका टोकाला एक. आपल्या मशीनला ती झेपत नाही, टबमध्ये घालू.

शनिवारी गराज सेलला जाऊ तेव्हा सुती चादरी शोध, मोत्यासाठी आपण दोघं एक छोटी गोधडी शिवू. लेबल नसेल तर कडेचा एक धागा काढून मला दे. मी सिंकवर धरून पेटवून बघतो. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर चादर परत ठेवायची, फुलं कितीही छान असली तरी.

बाबा

ता. क. आजीला रविवारी सकाळी फोन कर, तिची संध्याकाळ असते. मोत्याचं आधी सांगू नकोस, आधी जीज बेंडच्या बायकांना सुई कशी घालता आली ते सांग. मी शोधून काढतो तोवर.