पहाटे टेंटमध्ये पाऊस कुठून आला?

प्रश्न : दादा नमस्कार. डिसेंबरात आम्ही तिघं मित्र बामणोलीच्या बाजूला पाण्याकाठी टेंट टाकून राहिलो. आभाळात ढग औषधाला नव्हता, तरी पहाटे चारला तोंडावर थेंब पडायला लागले, उठून बॅटरी मारली तर छत आतून सगळं ओलं आणि स्लीपिंग बॅग पायाकडून भिजलेली. टेंट चार माणसांचा, चार किलोच्या आसपास, वाहून वाहून खांदे गेले. दुकानदार म्हणतो लीक आहे, पाच हजार एमएमवाला घ्या. हलका आणि हवा खेळणारा असा कुठला घेऊ? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : लीक नाही हो, पाऊसच नव्हता तर लीक कशाचा होणार! ते पाणी तुमचंच होतं. माणूस झोपेत श्वासातून आणि अंगातून वाफ सोडत असतो, तिघांचं मिळून पेलाभर पाणी तर सहज होतं, आणि थंडी वाजते म्हणून तुम्ही सगळ्या चेन गच्च ओढून घेतल्या असणार, मग ती वाफ जाणार कुठं? निरभ्र रात्री टेंटचं वरचं कापड आपली उष्णता आभाळाकडं फेकत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतं, त्याला वाफ लागली की थंड ताकाच्या ग्लासाला बाहेरून घाम सुटतो तसं होतं, फक्त इथं आतून. वर तुम्ही झोपला पाण्याच्या काठाला, खोलगट जागेत, जिथं रात्री डोंगरावरची गार हवा उतरून साचते आणि दमटपणा आधीच असतो. म्हणजे निम्मी चूक टेंटची आणि निम्मी जागेची.

आता ते एमएम, म्हणजे मिलिमीटर. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही, त्याचा तो आकडा असतो. वरच्या फ्लायला (टेंटवरचं बाहेरचं कापड) १५०० ते २००० आणि खालच्या फ्लोअरला ३००० असलं तरी आपल्याकडच्या ट्रेकला रग्गड झालं, कारण आपण राहतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा पाऊस कमी आणि दहिवर जास्त. पाच हजार घेतला तर जाड कोटिंगचं वजन वाहाल आणि घाम तेवढाच येईल, कारण कोटिंगवाल्या कापडातून वाफ जातच नाही, मग आकडा १५०० असो नाहीतर ५०००. वाफ बाहेर पडते ती फटीतून.

तुम्ही तासगावचे, म्हणून एक सांगतो. बेदाण्याचं शेड बघता ना रोज? वर छप्पर, बाजूनं नेट, वारा या अंगानं शिरतो त्या अंगानं निघतो. तिथं चारी बाजूनं प्लॅस्टिक गुंडाळलं तर बेदाणा होईल का बुरशी? टेंट तसाच बघायचा. आत जाळीचा इनर, वर वेगळा फ्लाय, दोघांमधी चांगलं चार बोटं अंतर, फ्लायची खालची कड जमिनीपासून थोडी वर आणि माथ्याजवळ हवेची खिडकी. याला डबल वॉल म्हणतात. घाम यातही येतो बरं का, कुणी येत नाही म्हणाला तर विश्वास ठेवू नका, पण तो फ्लायला राहतो आणि तुमच्या बॅगेला लागत नाही. सिंगल वॉलवाले किलोभराचे टेंट दिसायला लई भारी, काहींना ट्रेकिंग पोलवरच उभं करतात, पण एकाच कापडात झोपायचं म्हटल्यावर तुमचा बामणोलीचा किस्सा परत होणार, पहिल्या टेंटला मी तरी नाही सांगणार.

जाळी पूर्ण घ्यायची का अर्धी? उन्हाळ्यात पूर्ण जाळी म्हणजे सुख, फ्लाय काढून टाकायचा आणि चांदण्या मोजत झोपायचं. पण चाळकेवाडीच्या पठाराकडं पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत, तिथल्या वाऱ्याला हिवाळ्यात पूर्ण जाळीत दात वाजतात. मला स्वतःला खाली अर्ध साधं कापड आणि वर जाळी असलेला बरा वाटतो.

वजनाचं म्हणाल तर दोन माणसांचा डबल वॉल टेंट दोन-सव्वादोन किलोत मिळाला तर घ्या, दीड किलोच्या खाली किंमत एकदम उडी मारते. पोल अॅल्युमिनियमचे बघा, फायबरचे जड असतात आणि चिरतात तेव्हा हातात कुसं घुसतात. आणि हो, दोन माणसांचा लिहिलं म्हणजे दोन माणसं चिकटून, सॅक बाहेर. तिघं असाल तर तीनचाच घ्या, चारचा नको, आणि एकानं पोल-खुंट्या, दुसऱ्यानं इनर, तिसऱ्यानं फ्लाय असं वाटून घ्या, खांद्याची तक्रार तिथंच मिटते. आपल्या सड्यावर जांभ्यात खुंटी शिरत नाही, त्यामुळं खुंट्यांशिवाय उभा राहणारा डोम घ्या आणि दोऱ्या दगडाला बांधा. दुकानात उभा करून दाखव म्हणा, आत आडवे व्हा, डोकं-पाय कापडाला घासले तर सरळ परत द्या.

जागा काठापासून जरा वर, झाडाखाली मिळाली तर उत्तम, कारण झाडामुळं कापड तेवढं गार पडत नाही (वाळकी फांदी वर नाही ना ते आधी बघा). दार वाऱ्याच्या बाजूला थोडं उघडं ठेवा, ओले मोजे आत वाळत घालू नका. मी हा शहाणपणा कमळगडाच्या पायथ्याला एकदा केलाय, चार जोड मोजे दोरीवर, सकाळी मोजे ओले ते ओलेच आणि आम्हीबी. आणि कासच्या फुलांच्या पठारावर टेंट टाकायचा विचारही नको, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे. वासोट्यालाही वनखात्याची परवानगी काढून दिवसा जाऊन यायचं, मुक्काम नाही.

प्रश्न : माळ्यावर ठेवलेला टेंट उघडला तर कापड चिकट झालंय आणि आंबूस वास येतोय. धुऊन जाईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही जाणार. ओला टेंट तसाच घडी घालून ठेवला की आतलं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा थर, दमटपणानं कुजत जातं, मग सोलून निघतं. हा आता सावलीला अंथरायला वापरा. पुढच्या वेळी घरी आल्या आल्या दोरीवर टाका, खडखडीत वाळवा आणि त्याच्या छोट्या पिशवीत कोंबण्याऐवजी जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. वॉशिंग मशीनमधे अजिबात नको.

प्रश्न : थंडीत टेंटच्या आत स्टोव्हवर चहा केला तर चालतं का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : नाही. कापड भडकतं तो एक धोका, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, त्याला वासबीस काही नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. शेगडी, निखारे, काहीच आत नको. चहा बाहेर करा, कप घेऊन आत या.