सासू-सासरे येताहेत, आणि शिकागोत साडेचारला अंधार!

प्रश्न: ताई, माझे सासू-सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत, साताऱ्याहून, आणि तिकीट मिळालं ते नेमकं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं. शिकागोत तेव्हा झाडं बोडकी, वारा बोचरा, साडेचारला अंधार. चुकीच्या वेळी बोलावलं का, आणि दाखवू काय?

उत्तर: अजिबात चुकीच्या वेळी नाही. माझी आई अशीच नोव्हेंबरात आली होती आणि मी काय केलं तर रोज एक ठिकाण असं ठरवून तिला पळवलं, चौथ्या दिवशी ती म्हणाली मला नुसतं खिडकीत बसू दे गं. तेव्हा आधी हे लक्षात घ्या की इथली घड्याळं तोपर्यंत हिवाळ्यासाठी एक तास मागे गेलेली असतात, भारत आपल्या साडेअकरा तास पुढे, म्हणजे दिवसाची रात्रच होते. पहाटे तीनला दोघं टक्क जागे असणार, कारण त्यांच्या शरीराला तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणून पहिल्याच संध्याकाळी शेगडी कशी लावायची, चहा-साखर कुठे आहे ते दाखवून ठेवा, आणि फोडणी करताना एक्झॉस्ट फॅन लावायला सांगा, नाहीतर स्मोक अलार्म कोकलतो आणि बिचाऱ्या सासूबाई घाबरतात, माझ्या आईने नंतर दोन दिवस गॅसला हात लावला नव्हता.

बाहेर पडायचं ते अकरा ते तीन, उन्हात. एका दिवशी एकच भाग. आर्ट इन्स्टिट्यूट नक्की दाखवा, 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद बोलले ती हीच इमारत, समोरच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नाव दिलंय, ती पाटी बघून सासरे थांबणारच, फोटो काढू द्या निवांत. तिथून मिलेनियम पार्क जवळच, अनिश कपूरचं ते घेवड्याच्या दाण्यासारखं चकचकीत शिल्प, ‘बीन’, आणि मुंबईत जन्मलेल्या माणसाने केलंय म्हटलं की आपल्या लोकांना वेगळंच वाटतं. गारठलात तर रस्ता ओलांडून कल्चरल सेंटरमध्ये शिरा, फुकट आहे, बसायला जागा, आणि वर रंगीत काचांचा प्रचंड घुमट.

पण मला विचाराल तर खरी जागा गारफिल्ड पार्क कॉन्झर्वेटरी. 1908 चं काचघर, बाहेर सगळं करडं आणि आत दमट ऊब, ताडमाड, नेचे, केळी. आईने तिथे केळीच्या पानावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. बुकिंग लागतं का ते आधी बघून घ्या.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाला जवळजवळ सगळं बंद, तेव्हा त्या दिवशी घरीच चार मराठी कुटुंबं बोलवा, स्वयंपाकाची सूत्रं सासूबाईंकडे द्या, मग बघा कशा खुलतात. सामान डेव्हॉन अॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून आदल्या शनिवारीच भरून ठेवा, ऐनवेळी तिथे पार्किंग मिळत नाही.

कोट साताऱ्यात घ्यायला लावू नका, तिथले स्वेटर या वाऱ्यात टिकत नाहीत. थर्मल, कानटोपी आणि न घसरणारे बूट इथे घ्या, कोट मैत्रिणींकडून मागून आणला तरी चालतो. हीटरने हवा कोरडी होते, ओठ फुटतात, नाकातून रक्तही येतं कधीकधी, म्हणून खोलीत ह्युमिडिफायर लावा आणि खोबरेल तेलाची बाटली त्यांच्या उशाशीच ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या घड्याळ बदलल्यावर कधी घ्यायच्या ते मात्र निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगा, आजच फोन करा.